पाण्याची टेकडी

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आयर्लंडच्या मध्यभागी, ऑफली परगण्यातल्या क्लारा या छोट्या गावी तो नऊशे मिलिमीटरांच्या आत-बाहेर असतो, म्हणजे पुण्याहून थोडासाच जास्त. तरीही एप्रिलमध्ये आंबोलीचा सडा भाजून निघालेला असतो, आणि क्लाराच्या दक्षिणेला पसरलेली जमीन मात्र बाराही महिने पाण्याने एवढी भरलेली असते की चालताना पावलागणिक हलते. आपला पाऊस चार महिन्यांत हात मोकळा करून निघून जातो. उरलेले आठ महिने ऊन आणि वारा त्याची वसुली करतात. तिकडचा पाऊस थोडा थोडा, पण वर्षभर, कधी कधी दिवसाआड पडत राहतो. उन्हाळाही असा की दुपारचा पारा विशीच्या फार वर चढत नाही. पडलेलं पाणी उडून जाण्याआधी पुढची सर येते. क्लारा बॉग नावाच्या दलदलीचं सगळं आयुष्य या हिशेबावर उभं आहे.

दलदल म्हटली की आपल्याला नदीचा गाळ, तलावाचा काठ किंवा खाडीलगतचं खाजण आठवतं. तिथे पाणी बाजूने किंवा खालून येतं आणि सखल जागा शोधून साचतं. क्लाराची दलदल याच्या उलट आहे. इंग्रजीत जिला ‘रेझ्ड बॉग’ म्हणतात, त्या जातीची ही दलदल कडेला ठेंगणी आणि मध्ये उंच असते. आजूबाजूच्या शेतांपेक्षा तिचा मधला भाग काही मीटर वर असतो आणि तरीही तिथे पाणी जवळजवळ पृष्ठभागाला टेकलेलं असतं. ओढा नाही, झरा नाही. सगळं पाणी थेट आभाळातून आलेलं. मग ते उताराने वाहून का जात नाही? या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, की बॉग कशी जगते, कशी मरते आणि तिला वाचवायला काय करावं लागतं, हे सगळं त्यातून आपोआप उलगडत जातं.

सुरुवात हिमयुगाच्या शेवटापासून करू. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आयर्लंडवरचा बर्फ वितळून गेला होता आणि मागे उरले होते वाळू-गोट्यांचे लांबलचक उंचवटे. त्यांना ‘एस्कर’ म्हणतात, आणि क्लाराच्या परिसरात ते आजही दिसतात. उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागांत, चिकणमातीच्या तळावर उथळ तळी साचली. तळ्यांच्या काठाने बोरू-लव्हाळ्यासारख्या वनस्पती वाढल्या, मेल्या, पाण्यात पडल्या. पाण्याखाली प्राणवायू कमी, त्यामुळे त्या पुरत्या कुजल्या नाहीत. थरावर थर साचून तळी भरत आली. वनस्पतींच्या या अर्धवट कुजलेल्या, काळपट साठ्याला पीट म्हणतात. इथवरचं पीट खनिजांनी समृद्ध होतं, कारण मुळांना अजून भूजल मिळत होतं. पण साठा वाढत वाढत एवढा जाड झाला की वरच्या वनस्पतींची मुळं भूजलापर्यंत पोचेनात. आता जे काही मिळायचं ते फक्त पावसातून, आणि पावसाच्या पाण्यात खनिजं जवळजवळ नसतात. अशा उपासमारीत एक वनस्पती सर्वांत चांगली टिकली. तिने मैदान मारलं.

ती म्हणजे स्फॅग्नम. हे एक प्रकारचं शेवाळ. त्याला मूळ नाही, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नाहीत. पानाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर दोन तऱ्हेच्या पेशी दिसतात. हिरव्या, जिवंत पेशी अगदी अरुंद असतात. त्यांच्या मधोमध मोठ्या, पारदर्शक, मेलेल्या पेशी असतात. या मेलेल्या पेशी म्हणजे भोकं असलेल्या रिकाम्या कोठ्या. त्यांच्यात पाणी शिरतं आणि केशाकर्षणाने तिथेच धरून राहतं. कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी स्फॅग्नम सहज धरून ठेवू शकतं. ते वाढतं टोकाकडे आणि मरतं तळाकडे. वरचा हिरवा किंवा तांबूस शेंडा जिवंत, खालची काडी मेलेली. त्यामुळे या शेवाळाचं वय किती, असं विचारण्यात फारसा अर्थ नाही.

शेजाऱ्यांना हुसकावून लावण्याची त्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पावसातून चुकूनमाकून आलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे कण स्फॅग्नमच्या पेशीभित्ती पकडून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन पाण्यात सोडतात. पाणी आंबट होतं. पीएच चारच्या आसपास उतरतो. बहुतेक वनस्पतींना आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना हे मानवत नाही. त्यात थंडी, त्यात प्राणवायूचा अभाव, त्यात स्फॅग्नमच्याच अंगातली सडण्याला अटकाव करणारी रसायनं. मेलेला भाग कुजण्याचा वेग साचण्याच्या वेगाहून मागे पडतो आणि पीट चढत राहतं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. वेग काहीच नाही. पण दहा हजार वर्षांत त्याचेच दहा मीटर होतात. क्लाराच्या जवळच, त्याच परगण्यातल्या राहीनमोर बॉगमध्ये तर पिटाचा थर पंधरा मीटरांपर्यंत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बॉगच्या पोटातलं पीट बहुतांशी पाणीच असतं. शंभर किलोमधले नव्वदहून जास्त किलो पाणी. घन पदार्थ दुधात असतो त्याहूनही कमी. आणि या असल्या पदार्थाची टेकडी होऊन ती हजारो वर्षं उभी राहते. याचं कारण तिच्या दोन थरांत आहे. वरचा थर फार तर हातभर जाडीचा. त्यात जिवंत स्फॅग्नम आणि त्याच्याखालचा नुकता मेलेला, अजून आकार न मोडलेला भाग. याला ‘ॲक्रोटेल्म’ म्हणतात. खालचा कित्येक मीटर जाड थर तो ‘कॅटोटेल्म’. तो कायम पाण्यात बुडालेला, वरच्या वजनाने दाबला गेलेला, आणि त्यातून पाणी एवढं सावकाश सरकतं की जवळजवळ थांबलेलंच म्हणावं. ही दोन्ही नावं १९७८ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या ह्यू इंग्रॅम यांनी दिली.

वरच्या थराची करामत अशी, की तो आपला आपण झडप उघडतो आणि मिटतो. जोराचा पाऊस झाला की पाण्याची पातळी वरच्या मोकळ्या, जाळीदार शेवाळात चढते आणि तिथून पाणी झपाट्याने कडेकडे निघून जातं. पूर येत नाही. पाऊस थांबला की पातळी उतरते. पण जसजशी ती खाली जाते, तसतसा शेवाळाचा वीण घट्ट होत जाणारा भाग लागतो आणि वाहण्याचा वेग एकदम पडतो. शिवाय उन्हात स्फॅग्नमचे शेंडे पांढरट पडतात, त्यामुळे ऊन परतवलं जातं आणि बाष्पीभवन मंदावतं. म्हणून निरोगी बॉगमध्ये पाण्याची पातळी वर्षाचा बराचसा काळ पृष्ठभागापासून दहा सेंटिमीटरांच्या आत असते. एवढ्या अरुंद पट्ट्यात पाणी धरून ठेवायचं तर आपल्याकडे धरणावर माणूस बसवावा लागेल.

इंग्रॅम यांनी पुढे १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आणखी एक पाऊल टाकलं. स्कॉटलंडमधल्याच पर्थशरच्या डन मॉस या बॉगच्या आधारे त्यांनी दाखवलं की टेकडीची उंची पिटाच्या ताकदीवर ठरत नाही. ती पाण्याच्या हिशेबावर ठरते. वरून सतत पडणारा पाऊस आणि कडेने सतत झिरपणारं पाणी यांचा जिथे मेळ बसतो, तेवढा उंच पाण्याचा फुगवटा आत उभा राहतो, आणि पीट फक्त त्याच्या मापाने वाढतं. थोडक्यात, ही पाण्याची टेकडी आहे. शेवाळ तिच्यावर घातलेला साज. या गणिताचा एक निष्कर्ष संवर्धनाच्या दृष्टीने फार जड आहे. फुगवट्याची उंची बॉगच्या रुंदीवर अवलंबून असते. बॉग जितकी रुंद, तितका फुगवटा उंच राहू शकतो. म्हणजे कडेने शंभर मीटरांची पट्टी खणून नेली तर नुकसान त्या पट्टीपुरतं राहत नाही. उरलेल्या बॉगला आता पूर्वीची उंची परवडत नाही आणि मध्यभाग खचू लागतो. बॉगचा मधला भाग राखून कडा वापरायच्या, ही तडजोड कागदावर कितीही समंजस वाटली तरी पाण्याला ती मान्य नाही.

या उपाशी जमिनीवर राहणारी मंडळीही त्याच तोलामोलाची आहेत. कासच्या पठारावर पावसाळ्यात जाणाऱ्यांनी दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती पाहिली असेल. तिच्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब असतात आणि त्यात कीटक अडकतात. तिचेच भाऊबंद, त्याच ड्रोसेरा वंशातले, क्लाराच्या शेवाळावर तांबडे ठिपके होऊन पसरलेले असतात. कासवरच्या ‘सीतेची आसवं’ या निळ्या-जांभळ्या फुलांचा युट्रिक्युलेरिया हा वंशही इथल्या डबक्यांत आहे. पाण्याखालच्या फुग्यांनी तो बारीक जीव ओढून घेतो. दोन्हीकडे कारण एकच आहे. कातळावरच्या वीतभर मातीत नत्र नाही आणि पावसाच्या पाण्यावर वाढलेल्या शेवाळातही नाही, मग ते कीटकांकडून आणि बारीक जिवांकडून मिळवायचं. कासला हा खेळ पावसाळ्यापुरता चालतो, एवढंच.

बाकीची वस्ती जमिनीच्या बारीक चढ-उतारांवर वाटलेली असते. अर्ध्या मीटरच्या फरकाने शेजार बदलतो. डबक्यात तरंगणारं हिरवं, लिबलिबीत स्फॅग्नम एका जातीचं. काठाच्या सपाटीवरचं तांबूस-तपकिरी दुसऱ्या. आणि गुडघाभर उंच गाठोड्यांवरचं दाट, गडद तिसऱ्या. गाठोड्याच्या माथ्यावर थोडं कोरडं असतं, तिथे हेदरची जांभळी झुडपं. सपाटीवर बॉग-कॉटनचे पांढरे गोंडे, पिवळं बॉग-ॲस्फोडेल, रांगती क्रॅनबेरी, आणि आयर्लंडच्या मध्यभागातल्या बॉगांची ओळख असलेली गुलाबी फुलांची बॉग-रोझमेरी. लार्ज हीथ नावाच्या तपकिरी फुलपाखराच्या अळ्या बॉग-कॉटनच्याच एका जातीवर वाढतात. बॉग गेली की फुलपाखरूही गेलं. लांब, खाली वळलेल्या चोचीचा कर्ल्यू हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही दिसतो. आयर्लंडमध्ये तो बॉगांवर आणि ओल्या कुरणांवर अंडी घालतो. २०१५ ते २०१७ दरम्यानच्या पाहणीत साऱ्या आयर्लंड प्रजासत्ताकात त्याच्या जेमतेम १३८ जोड्या सापडल्या. त्याच्या तीस वर्षं आधी त्या हजारोंनी होत्या.

क्लाराचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, ज्याच्यासाठी अभ्यासक दूरवरून येतात. बॉगच्या ऐन मध्ये काही जागी खनिजयुक्त पाण्याचे टापू आहेत. त्यांना तिथे ‘सोक’ म्हणतात. शॅनलीज लॉक आणि लॉक रो हे त्यांतले दोन. त्या टापूंवर बर्चची झाडं, लव्हाळी, तळ्याकाठी असाव्यात तशा वनस्पती वाढतात. चहूकडे निव्वळ पावसाचं पाणी आणि मध्येच हे बेट. पश्चिम युरोपात जवळजवळ सर्वच बॉगांमधले असे टापू निचऱ्याने नाहीसे झाले. इथे ते उरले.

जी आंबट, प्राणवायूहीन ओल शेवाळ कुजू देत नाही, ती इतरही गोष्टी कुजू देत नाही. लाँगफर्ड परगण्यातल्या कॉर्ली बॉगमध्ये ओकच्या फळ्यांचा एक रस्ता सापडला. लाकडाच्या वलयांवरून तो इसवी सनपूर्व १४८ मध्ये बांधल्याचं ठरलं. ऑफलीतच, क्रोहन टेकडीजवळ २००३ मध्ये चर खणताना एका पुरुषाचं शिर नसलेलं धड वर आलं. दोन हजारांहून जास्त वर्षं जुनं, आणि तरी बोटांची निगा राखलेली नखं शाबूत. तो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या शोधांबद्दल लिहिताना एक गोष्ट हटकून राहून जाते: यातले बहुतेक शोध बॉग खणली, निचरा केला, म्हणून लागले. संग्रहालयातली बॉगमध्ये सापडलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या तरी जखमी बॉगमधून आली आहे.

खणणं जुनंच. आयर्लंडमध्ये कोळसा नगण्य, जंगलं तर केव्हाच तोडलेली. त्यामुळे चूल पेटायची ती वाळवलेल्या पिटावर. ‘स्लॅन’ नावाच्या कान असलेल्या फावड्याने विटेएवढे तुकडे कापायचे, पसरायचे, उन्हात उभे रचून वाळवायचे, हिवाळ्यासाठी घरी न्यायचे. कोणत्या घराने बॉगच्या कोणत्या कडेला कापायचं, याचे हक्क पिढीजात ठरलेले. हाताने होणाऱ्या या कापणीने बॉगच्या कडा कुरतडल्या गेल्या, पण सावकाश, शतकानुशतकं. खरा वेग आला तो सरकारी यंत्रांमुळे. टॉड अँड्र्यूज या स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्याने १९३५ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियात जाऊन पिटाचे मोठे कारखाने पाहिले, आणि १९४६ मध्ये ‘बॉर्ड ना मोना’ हे सरकारी मंडळ उभं राहिलं. बॉगवर समांतर चर खणायचे, पाणी काढून टाकायचं, वरचा थर खरवडून भुगा करायचा, वाळला की गोळा करून वीज केंद्राला द्यायचा. १९५० मध्ये पोर्टार्लिंग्टनला पिटावर चालणारं पहिलं वीज केंद्र सुरू झालं. मध्यभागातल्या हजारो घरांत यातूनच पगार आले, हे विसरून या मंडळाला नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. आयर्लंडमध्ये एके काळी तीन लाख हेक्टरांवर रेझ्ड बॉग पसरल्या होत्या. ज्यांच्यावर स्फॅग्नम अजून जिवंत आहे आणि पीट अजून साचतं आहे, असं क्षेत्र आज त्याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

क्लारा बॉगही त्याच वाटेने चालली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉर्ड ना मोनाने तिच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर चर खणले. खरवडणं सुरू व्हायच्या आत ती वाचली, आणि त्यात नेदरलँड्सचा हात आहे. डच लोकांनी आपल्या बॉग जवळजवळ संपवल्या होत्या. माथाइस स्खाउटन हा तरुण डच परिसंस्थातज्ज्ञ आयर्लंडमध्ये अभ्यासाला आला आणि आपल्या देशात पुस्तकातच उरलेली गोष्ट त्याला इथे जिवंत दिसली. तीही खणायच्या यादीत. १९८३ मध्ये त्याने नेदरलँड्समध्ये आयरिश बॉगांच्या रक्षणासाठी एक प्रतिष्ठान काढलं, सामान्य डच नागरिकांकडून पैसे जमवले, आयर्लंडमधल्या बॉग विकत घेतल्या आणि त्या आयर्लंडलाच भेट दिल्या. शेजाऱ्याने आपली वस्तू विकत घेऊन आपल्यालाच परत द्यावी, यात जी शरम आहे ती सरकारपर्यंत बरोबर पोचली. १९८६ मध्ये क्लारा बॉग वन्यजीव विभागाकडे आली आणि १९८७ मध्ये सुमारे साडेचारशे हेक्टरांचं अभयारण्य जाहीर झालं. त्यानंतर दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी क्लारा आणि राहीनमोरचा कित्येक वर्षं एकत्र अभ्यास केला. बॉगच्या पाण्याबद्दल आज जे काही नेमकं सांगता येतं, त्यातलं पुष्कळसं या अभ्यासातून आलेलं आहे.

या अभ्यासात पहिली मोठी गोष्ट पुढे आली ती एका रस्त्याबद्दल. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी क्लाराहून राहन या गावाला जाणारा रस्ता थेट बॉगमधून काढला गेला, दोन्ही बाजूंना चर ठेवून. चरांनी वर्षानुवर्षं पाणी ओढलं. पाणी गेल्यावर पिटाचा आधारच गेला. ते आपल्याच वजनाने दबलं, आणि वरच्या, हवा लागलेल्या भागातलं तर कुजून कर्बवायू होऊन उडून गेलं. रस्त्याच्या आसपासची जमीन कित्येक मीटर खाली गेली. एका टेकडीच्या जागी दोन झाल्या, मधल्या खोलगट पट्टीतून रस्ता. आज क्लारा ‘पूर्व’ आणि क्लारा ‘पश्चिम’ असं जे म्हटलं जातं, ते या रस्त्यामुळे.

दुसरी गोष्ट उशिरा कळली आणि अधिक चिंतेची होती. पश्चिमेच्या भागावर चर नव्हते, तो सुरक्षित मानला जात होता. पण तिथलं जिवंत क्षेत्र आक्रसत चाललं होतं. कारण दक्षिणेकडच्या कडेला सापडलं. तिथे पीट कापणाऱ्यांचे चर खोल जात जात पिटाच्या तळाला, चिकणमातीखालच्या थरापर्यंत पोचले होते. बॉग भूजलावर जगत नाही हे खरं, पण भूजलाचा दाब तिला खालून पेलून धरत असतो. चरांनी तो दाब उतरवला, आणि कडेपासून शेकडो मीटर आत, जिथे कुणी फावडंही लावलं नव्हतं तिथलं पीट खचू लागलं. खचलं तसा उतार वाढला. उतार वाढणं बॉगला विषासारखं असतं. शंभर मीटरमागे तीस सेंटिमीटरांहून जास्त उतार झाला की पावसाचं पाणी शेवाळात थांबत नाही, वरून निसटून जातं. मग स्फॅग्नमच्या जागी हेदर आणि गवत येतं. चर बुजवले तरी हा बदललेला आकार परत येत नाही. बॉगच्या आजारात हाच भाग सर्वांत दुर्धर.

मग करायचं काय? काम दिसायला साधं आहे: चरांत बांध घालायचे. आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणतात. इथे घोषणेचा पहिला अर्धाच भाग लागू आहे. रुंद पट्ट्यांचं उत्खनन यंत्र बॉगवर आणतात, म्हणजे त्याचं वजन पसरतं आणि ते रुतत नाही. चराच्या दोन्ही भिंती आणि तळ खरवडून सुकलेलं, भेगाळलेलं पीट काढतात, कारण बांध त्या भेगांवर बसवला तर पाणी बगलेने निघून जातं. मग जवळच्या खड्ड्यातून, खोलवरचं, ओलं, काळं, लोण्यासारखं पीट घेऊन चरात दाबून बसवतात, पृष्ठभागाच्या थोडं वरपर्यंत, आणि वर जिवंत शेवाळाचा थर परत ठेवतात. ओलं पीटच पिटाला सर्वांत चांगलं अडवतं. काही ठिकाणी प्लास्टिकचे पत्रे ठोकतात. चरातल्या पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर उतरली की पुढचा बांध, असा आयर्लंडमधला सर्वसाधारण हिशेब आहे. उताराच्या चरावर म्हणून शेकडो बांध लागतात. जिथे कडा कापून उघड्या पडल्या आहेत, तिथे बाहेरून बुटके बंधारे घालून उथळ पाणी साठवतात. बॉगवर घुसलेली बर्च आणि पाइनची झाडं काढतात, कारण झाड उभं असेपर्यंत पाणी वर ओढत राहतं.

त्यानंतर वाट पाहायची. पाणी पृष्ठभागाशी टिकलं आणि उतार बेताचा असला तर दहाएक वर्षांत स्फॅग्नम पसरू लागतं. क्लाराच्या पूर्वेकडच्या चर बुजवलेल्या भागात ते झालं आहे. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात जिवंत रेझ्ड बॉगना अग्रक्रमाचा दर्जा आहे, आणि निर्देशाच्या व्याख्येप्रमाणे तीस वर्षांत पुन्हा पीट साचू लागेल अशी आशा असलेल्या बॉगांसाठी वेगळा वर्ग आहे. तीस वर्षं ही मुदत कुणाला ऐसपैस वाटेल. वर्षाला एक मिलिमीटर चालणाऱ्याच्या लेखी ती तीन सेंटिमीटर आहे.

माणसांचा प्रश्न मात्र एवढ्या थंडपणे सुटला नाही. संरक्षित बॉगांवर घरगुती पीट कापणाऱ्यांना सरकारने दहा वर्षांची सवलत दिली होती. ती संपली आणि २०११ च्या सुमारास बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा गावागावांत लोक उठले. ल्यूक ‘मिंग’ फ्लॅनगन हे या आंदोलनातले ठळक नाव त्याच वर्षी संसदेवर निवडून आले. सरकारने दरसाल पंधराशे युरो, पंधरा वर्षांपर्यंत, किंवा दुसऱ्या बॉगवर हक्क असा मोबदला देऊ केला. अनेकांनी घेतला, काही कापत राहिले. कापणाऱ्यांचा राग मला समजतो. सरकारी मंडळाने हजारो हेक्टर यंत्राने खरवडले आणि शेवटच्या तुकड्याची जबाबदारी मात्र फावड्याशी येऊन थांबली. पण हेही खरं, की तोवर बहुतेक ठिकाणी फावडं उरलं नव्हतं. ट्रॅक्टरमागे लावलेलं यंत्र पीट उपसून लांब वळ्या पाडत जायचं, आणि एका आठवड्याचं काम दुपारभरात व्हायचं. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने बॉगांचं पुरेसं रक्षण न केल्याबद्दल आयर्लंडला युरोपीय न्यायालयात खेचलं.

दरम्यान हवामानबदलाने बॉगांना नवे वकील मिळवून दिले. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भागावर पीट आहे, पण त्यात जगातल्या साऱ्या जंगलांच्या झाडोऱ्याहून अधिक कार्बन साठलेला आहे. निचरा केला की तो हवेत जाऊ लागतो, आणि पीट असेपर्यंत जात राहतो. पुन्हा भिजवल्यावर ही गळती थांबते. मात्र ओल्या पिटातून मिथेन निघतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत तो जरा जास्तच निघतो. मिथेन हवेत काही दशकांत विरतो, कर्बवायू शतकानुशतकं राहतो, म्हणून लांबचा हिशेब भिजवण्याच्याच बाजूने लागतो. डिसेंबर २०२० मध्ये शॅननब्रिज आणि लॉक री ही पिटावरची दोन वीज केंद्रं बंद झाली. पुढच्या महिन्यात बॉर्ड ना मोनाने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि आता तेच मंडळ सरकारी पैशाने आपल्या खरवडलेल्या हजारो हेक्टरांवर चर बुजवतं आहे. याला सरसकट बॉगचं पुनरुज्जीवन म्हटलं जातं, ते बरोबर नाही. तिथे बहुतेक ठिकाणी पावसावर जगणारा थर पुरता गेला आहे, तळाचं खनिजयुक्त पीट उघडं पडलं आहे. तिथे बोरू येईल, बर्च येतील, पाणपक्षी येतील, कार्बनची गळती थांबेल. रेझ्ड बॉग येणार नाही; निदान आजचा कुणी पाहील अशा काळात नाही.

म्हणून क्लारासारख्या उरलेल्या तुकड्यांचं मोल वेगळं आहे, आणि तिथलं उरलेलं काम आता बॉगच्या हद्दीबाहेर आहे. दक्षिणेकडचे खोल चर बुजवल्याशिवाय पश्चिम भागाखालचा दाब परत येणार नाही. पण ते चर बुजवले की शेजारच्या शेतांत पाणी वर येण्याची शक्यता असते, म्हणजे शेतकऱ्यांशी बोलणी, जमिनीची खरेदी, भरपाई.

डब्लिन–गॉलवे रेल्वेमार्गावर क्लारा स्टेशन आहे. गावाच्या वाचनालयाच्या इमारतीत बॉगची माहिती देणारं केंद्र आहे, आणि तिथून दक्षिणेला राहनच्या त्याच जुन्या रस्त्याने गेलं की बॉगवर बांधलेली सुमारे एक किलोमीटरची लाकडी पायवाट लागते. मे-जूनमध्ये बॉग-कॉटनचे गोंडे असतात, जुलै-ऑगस्टमध्ये दवबिंदूचे भाऊबंद ऐन रंगात. रस्त्यावर उभं राहून दोन्ही बाजूंना नीट पाहिलं तर जमीन आपल्यापासून दूर चढत गेलेली दिसते. पायवाट सोडून खाली उतरायचं नाही. शेवाळ तुडवलं जातं, आणि डबक्यांची खोली वरून कळत नाही.